वाफशाची माती

पिकाचं पान पिवळं पडलं की आमच्याकडे युरिया टाकतात, लाल पडलं की लाल्या म्हणतात आणि करपलं तर शेजाऱ्याची नजर लागली म्हणून मोकळे होतात. पान पांढरंफेक पडलं तर काय म्हणायचं, हे २०४१ सालापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. ज्या औषधाने ते झालं, त्याच्या दाखल्यावर सही माझी होती.

त्या वर्षी वेळ अमावस्येला मी नेहमीसारखी लातूरहून माहेरी, चिंचनाळला गेले. आमच्या भागात हा सण घरात होत नाही, रानात होतो. ज्वारी डोक्याला लागलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. मधोमध कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबिलाचा माठ ठेवायचा आणि अख्ख्या गावाने घरांना कुलपं लावून शेतात जेवायचं. मी त्रेपन्न वर्षांची, माती-दाखला केंद्रातली मोठी अधिकारी, पण त्या दिवशी मी फक्त उटग्यांची लेक असते. ते मला फार आवडतं.

माझा धाकटा भाऊ मन्मथ बांधावरच भेटला. दरवर्षी "आली का आमची मातीची डाक्टरीन" असं ओरडून तो माझी पिशवी घेतो. त्या दिवशी त्याने पिशवी घेतली, पण ओरडला नाही.

"काय रे, महानंदाशी भांडलास का?"

"अक्का, आदी जेवून घे. मग दावतो."

"काय दावतोस?"

"जेवून घे म्हनलं ना."

मी जेवले. बाजरीचे उंडे होते, भज्जी होती. भज्जीत पूर्वी बांधावरचा तांदुळजा आणि घोळ असायची, आता सगळा भाजीपाला बाजारचा. तणच उरलं नाही, मग तणाची भाजी कुठली? महानंदा, माझी भावजय, वाढताना एकदासुद्धा माझ्याकडे बघून हसली नाही. त्या बाईच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला धडकी भरली.

जेवण झाल्यावर मन्मथने आंबिलाचा तांब्या घेतला आणि शेताच्या कडेने शिंपत निघाला. मी मागे. बाभळीपाशी वळलो आणि मी थांबले. बाभळीपलीकडे ओढ्याच्या अंगाला एकरभर ज्वारी पांढरी उभी होती. खालची पानं हिरवी, वरची तीन-चार पानं धुतलेल्या धोतरासारखी. कणसं बाहेर आली होती, पण त्यांत दाणा नव्हता, नुसता भुसा. मन्मथ तिथेही आंबिल शिंपत होता, जरा जास्तच.

"कधीपासून?"

"धा-बारा दिस झाले. रोज हातभर फुडं सरकतंय. लोक म्हनत्यात देवीचा कोप. मी म्हनलं अक्काला विचारू." तो तांब्या उपडा करून बघत होता. "निरमळचं तर न्हवं ना गं?"

"छे," मी म्हटलं. "निर्मळ पेरणीच्या आतच संपतं."

हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की त्याचा चेहरा जरा खुलला. ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

निर्मळ काय होतं ते सांगते. तणनाशक जमिनीवर पडलं की थोडं उन्हाने फुटतं, थोडं पाण्याने. पण ते फोडण्याचं खरं काम करतात मातीतले जिवाणू. ते त्याला खातात, तोडतात, शेवटी हवा-पाणी करून टाकतात. निम्मं औषध संपायला जितका काळ लागतो त्याला त्याचं अर्धायुष्य म्हणायचं. जुन्या औषधांचं अर्धायुष्य कुठे महिनाभर, कुठे वर्षभर. तेवढा काळ ते गांडुळांच्या अंगात, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत आणि विहिरीत फिरत राहायचं. निर्मळवाल्या कंपनीने शक्कल लढवली. औषधाच्या प्रत्येक थेंबात त्यांनी ते औषध खाणारे जिवाणूच निजवून ठेवले, बियांसारख्या कवचात. ओलावा मिळाला की ते जागे होणार, औषध खाणार आणि खायला काही उरलं नाही की उपाशी मरणार. मे महिन्यात रान रिकामं असताना ड्रोनने फवारायचं, जूनमधलं तण उगवतानाच पांढरं पडून मरायचं, आणि पेरणीपर्यंत माती कोरी. खुरपायला बाया मिळेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे लोकांना तर आंधळ्याने एक डोळा मागावा आणि देवाने दोन द्यावेत असं झालं.

कंपनीचा दावा खरा की खोटा हे बघायचं काम आमच्या केंद्राचं. मी सहा जिल्ह्यांतल्या तीनशे बारा शेतांची माती आणवली, तिच्यात निर्मळ घातलं आणि मोजलं. अर्धायुष्य नऊ दिवस. एकही नमुना चुकला नाही. मी सही केली.

त्या तपासणीची नियमावली मीच लिहिली होती. तिचा चौथा नियम असा: मातीचा नमुना वाफशावरच घ्यावा.

वाफसा आमच्या वडिलांनी, अप्पांनी शिकवला. पाऊस होऊन गेल्यावर माती चिखलही नसते आणि कोरडीही नसते, अशी दोन-तीन दिवसांची वेळ येते. मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून पसरला तर वाफसा. मगच रानात पाय घालायचा. ओल्या रानात गेलं तर माती तुडवली जाते आणि कोरड्यात गेलं तर औत मोडतं. उन्हाळ्यातल्या वाळक्या रानाकडे बघून अप्पा म्हणायचे, "झोपलेल्या मातीला हात लावू ने, पाप लागतं." अप्पांना जाऊन आठ वर्षं झाली, पण हे माझ्या हाडात भिनलेलं. केंद्राचे संचालक डॉ. टेकाळे शेतकऱ्याचा मुलगा, माझे पाचही सहायक शेतकऱ्यांची मुलं. चौथा नियम वाचून टेकाळे म्हणाले होते, "वा, ही खरी आपल्या मातीतली पद्धत." एखाद्या परक्या माणसाने विचारलं असतं की बाई, औषध मे महिन्यात मारता आणि माती जुलैत का काढता? आमच्यातल्या कुणी विचारलं नाही. भर उन्हाळ्यात काळं रान खणायचं, हे आमच्या डोक्यातच येत नाही.

पुढच्या रविवारी मी पिशव्या आणि चिठ्ठ्या घेऊन पुन्हा चिंचनाळला गेले. पांढऱ्या ज्वारीच्या कडेला खड्डा घ्यायचा ठरवला. मन्मथ खणत होता, मी दर वितीला माती भरून घेत होते. मध्ये हरभऱ्याचं एक झाड उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली. निरोगी गाठ आतून गुलाबी असते. ही मातकट, मेलेली निघाली. ती मी वेगळ्या पिशवीत टाकली.

चार फुटांवर मन्मथने टिकाव ठेवला आणि खाली वाकला. अंगठ्याने काहीतरी पुसून त्याने माझ्यासमोर धरलं. हिरव्या काचेचा तुकडा होता. मग आणखी एक, तांबडा.

"अक्का, ह्या तुझ्या बांगड्या न्हवं?"

आम्ही दोघं हसलो. मग मी खड्ड्याच्या तळाकडे बघितलं.

लहानपणी उन्हाळ्यात याच कोपऱ्यात आम्ही खेळायचो. काळी माती वाळली की भेगाळते. बाभळीजवळच्या भेगा इतक्या रुंद असायच्या की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. जत्रेनंतर फुटक्या बांगड्यांचे तुकडे गोळा करायचे आणि एकेक भेगेत सोडून कान लावायचा. खळ, खळ करत ते खूप खाली जायचे. आवाज जास्त वेळ आला की मन्मथ जिंकायचा, कारण तो खोटं बोलायचा. पाऊस पडला की भेग मिटायची, आणि तुकडे मातीच्या पोटात.

मी खड्ड्याच्या काठावर बसले. मला सगळं एकदम दिसलं. मे महिन्यात निर्मळ पडतं ते वाळून दगड झालेल्या रानावर. ओलावा नाही, म्हणून ते जिवाणू कवचात झोपलेले. मग एखाद्या दुपारी वळीव येतो आणि तासाभरात झोडपून जातो. माती फुगून भेगा मिटायला वेळ लागतो, तोवर पाणी वाट दिसेल तिथून घुसतं. त्या पाण्याबरोबर औषध चार फूट खाली. वरून भेग बंद. खाली ओल आहे, पण हवा नाही, आणि हवेशिवाय ते जिवाणू जागे होत नाहीत. सोयाबीनची मुळं वरच्या फूट-दीड फुटात, त्याला काही कळत नाही. रब्बीची ज्वारी मात्र पावसावर जगत नाही. ती जमिनीतल्या ओलीवर जगते आणि ओल खाली सरकेल तशी मुळं तिच्यामागे जातात. वेळ अमावस्येच्या सुमारास ती चार फुटांवर पोचतात. तिथे तीन उन्हाळ्यांचं निर्मळ साचून बसलेलं.

मी तपासली होती ती जागी माती. औषध पडत होतं ते झोपलेल्या मातीवर. आणि भेगेत टाकलेलं खाली जातं, हे मला बाराव्या वर्षी माहीत होतं.

"काय झालं?" मन्मथने विचारलं.

"काही नाही. पिशवी बांध."

प्रयोगशाळेत पाच आठवडे गेले. वरच्या फुटात काही नव्हतं. चौथ्या फुटात सुरक्षित मर्यादेच्या सोळापट होतं. जिवाणूंची कवचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती, बंद, कंपनीतून निघाली तशी. तीन वेळा किती फवारलं आणि किती उरलं यावरून मी अर्धायुष्य काढलं. नऊ दिवस नव्हे. अकरा वर्षं.

मी ते मन्मथला फोनवर सांगू शकले नाही. गावी गेले. तो ओसरीवर सुतळी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं, तो मान न उचलता ऐकत होता.

"अर्धं म्हंजे काय?" त्याने विचारलं.

"अकरा वर्षांनी निम्मं राहील. बावीस वर्षांनी पाव. सोळावा हिस्सा व्हायला चव्वेचाळीस वर्षं."

"मी शेचाळीस वर्सांचा हाय."

"माहीत आहे मला."

"म्हंजे नव्वद." तो पुन्हा सुतळी वळायला लागला. "आनि तवर?"

तोवर काय ते त्यालाही माहीत होतं. नव्या कायद्यात अशा रानाच्या सातबाऱ्यावर लाल शेरा येतो. लाल शेऱ्याच्या रानातलं धान्य कुठल्याही बाजारात घेत नाहीत. कडबा जनावराला घालता येत नाही. गहाण, विक्री, वाटणी, काही नाही. रान तुमचं, पण नुसतं बघायचं.

"मला एक सांग," मन्मथ म्हणाला. "तू न्हाई बोललीस तर कुनाला कळतंय? ज्वारी घ्यायचं सोडतो मी. नुसतं सोयाबीन घेतो. वरल्या फुटात काई न्हाई म्हनलीस ना?"

"विहिरीत उतरायला लागलंय ते. थोडं आहे, पण आहे. आणि येत्या मेमध्ये सहा जिल्ह्यांत फवारणार आहेत, मन्मथा. गेल्या वर्षीच्या दुप्पट रानावर. अजून वर्ष-दोन गेलं तर सगळीकडची ज्वारी अशी होईल, करडई होईल, हरभरा होईल. आत्ता थांबलं तर त्यांचं वाचतंय."

"त्यांचं वाचतंय." त्याने सुतळी खाली ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "सही तू केलीस अक्का. आनि शेरा माज्यावर?"

आत महानंदाच्या हातातलं भांडं पडलं, ते घरंगळत गेल्याचा आवाज आला, आणि ते कुणी उचललं नाही.

"मी आजवर तुज्याकडं काई मागितलं न्हाई," तो म्हणाला. "आज मागायलो. एवडं गप बस."

मी गप्प बसले, ते फक्त त्या दिवसापुरतं. सोमवारी सकाळी अहवाल टेकाळ्यांच्या टेबलावर ठेवला. चौथा नियम चुकीचा होता, तो मी लिहिला होता, दाखला रद्द करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मला वाटलं होतं, निदान मोठं काही तरी वाचेल. भावाची जमीन घालवून माणसाला एवढी तरी अपेक्षा असतेच.

टेकाळ्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"मॅडम, एक शेत म्हणजे अपवाद."

"सर, काळी माती सगळीकडे सारखीच भेगाळते."

"ते तुम्ही म्हणता. समिती आकडे मागते. तीनशे बारा नमुने एकीकडे, एक नमुना एकीकडे. आणि तोही तुमच्या भावाच्या शेतातला. उद्या कुणी म्हणेल, घरचं भांडण असेल." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना निवृत्तीला सात महिने उरले होते, एवढंच. "असं करा. तीस शेतं आणा. कोरड्या मातीचा नमुना, चार फूट खोलीवरचा, सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या सहीचा. तीस एप्रिलच्या आत. फवारणी दहा मेला सुरू होते. तीस आले तर मी स्वतः स्थगिती मागतो."

"आणि माझ्या भावाचं?"

"त्याचा निकाल तर तुम्हीच दिलाय. तो नियमाप्रमाणे पुढे जाणार."

आठ दिवसांत गट नंबर एकशे अठराच्या, म्हणजे मन्मथच्या रानाच्या सातबाऱ्यावर लाल शेरा आला. केंद्राची माणसं येऊन उभी ज्वारी कापून, ढीग लावून जाळून गेली. पांढरी आणि हिरवी, दोन्ही. मन्मथने दोन्ही गाई सारोळीला धाडल्या, आर्वीच्या सासरी. आर्वी त्याची एकुलती एक मुलगी. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, "आत्या, बाबांना सांगून केलंस की न सांगता?" मी म्हटलं, सांगून. ती म्हणाली, "मग ठीक," आणि फोन ठेवला. मन्मथने माझा फोन घ्यायचं बंद केलं. माझ्यावर कसलाच शेरा आला नाही.

मार्च-एप्रिल मी रानोमाळ हिंडले; तीस सह्यांची आणि तारखेची गोष्ट गावोगाव झाली. ज्या शेतकऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी मला चहा पाजून, फोटो काढून माती दिली होती, ते आता मला बघून बांधावरून आत वळत होते. कुणी म्हणालं मालक परगावी गेलेत, आणि मालक मागच्या दारातून जाताना मला दिसले. कुणी हात जोडले. एका म्हाताऱ्याने बाज टाकून मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी सख्ख्या भावाला सोडलं न्हाई. आमाला काय सोडताव?"

मी त्याला समजावलं की त्याच्या रानात अजून एकच फवारणी झालीय, शेरा आला तरी कमी वर्षांचा येईल, आणि न थांबवलं तर तोच शेरा पुढे पोराच्या वाट्यालाही राहील. तो सगळ्याला हो म्हणाला. माती दिली नाही. मीही त्याच्या जागी दिली नसती.

अठ्ठावीस एप्रिलला माझ्याजवळ शून्य नमुने होते. मी राजीनामा लिहून ठेवला. तो लिहितानासुद्धा मला कळत होतं की हे नाटक आहे, याने कुणाचं काही वाचत नाही.

एकोणतीसला दुपारी मी केंद्राच्या मागच्या शेडमध्ये बसले होते. बाहेर टेम्पो थांबला. मन्मथ उतरला. चार महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्यांवर मातीचे आणि रक्ताचे डाग. तो सरळ टेम्पोच्या मागे गेला आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कापून शिवलेल्या पिशव्या खाली काढायला लागला. प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. मी एक हातात घेतली. गाव, गट नंबर, खोली चार फूट, खाली शेतमालकाची सही. बाकीचं अक्षर मन्मथचं.

आत माती नव्हती म्हणायचं, दगड होते. वाळलेली, अणकुचीदार ढेकळं.

"पहारेनं खनली," तो म्हणाला. "चौदा गावं. म्हैना लागला." मग हाताची चिंधी आवळत, "अप्पा असते तर घरात घेतलं नसतं मला."

"मला कुणी दिली नाही रे."

"तुला न्हाई देनार. मला दिली."

"काय सांगितलंस त्यांना?"

"काय सांगनार? माझं रान दाखिवलं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. "मोज," तो म्हणाला.

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकोणतीस. तो टेम्पोच्या फळीवर बसला होता. एक पिशवी त्याच्या मांडीवर होती, तिच्यावर त्याने दोन्ही हात ठेवले होते.

"किती कमी पडतंय?"

मला ती पिशवी दिसत होती. "एक," मी म्हटलं. "पण बघू, एकाने काही... टेकाळ्यांना विनंती करून बघते."

"ऐकतेल का?"

मी खोटं बोलू शकले असते. लहानपणी भेगेला कान लावून तो बोलायचा तसं. "नाही," मी म्हटलं.

त्याने पिशवीची गाठ चाचपली. मग उठला आणि ती पिशवी बाकीच्यांच्या ओळीत न ठेवता माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर सारोळीचं नाव होतं. गट नंबर बासष्ट. सहीच्या जागी आर्वीचं नाव, ठळक, शाळेतल्यासारखं. लग्नानंतर तिचं नाव सासरच्या सातबाऱ्यावर लागलं होतं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

"तिच्या घरच्यांना माहीत आहे?"

"म्हाईत न्हाई. व्याह्यांनी मला दारातनंच परत लावलं हुतं. तीच मागनं बांधावर आली. म्हनली, बाबा, मी सही करते, तुमी खना." त्याने चिंधीने तोंड पुसलं. "मी न्हाई म्हनलं तिला. दोनदा म्हनलं. ती म्हनली, आत्यानं तुमाला सांगून केलं, मी ह्यांना सांगून करू शकत न्हाई, एवडाच फरक."

"मन्मथा, ती परत घेऊन जा."

"आनि चौदा गावं?" तो म्हणाला. "त्यांनी काय म्हनून दिली माती?"

मी त्याला आत ये म्हटलं. चहा घे, हात तरी धू, मलम लावते. तो म्हणाला, "येतो कदी तरी." मग टेम्पोत चढला. जाताना काच खाली करून त्याने एकच सांगितलं, "पैली तीच फोड. शेवटाला ठेवलीस तर तुज्यानं व्हायचं न्हाई."

टेम्पो गेला. मी पिशवी घेऊन आत आले, टेबलावर कागद पसरला आणि सुतळी सोडली. सुतळी त्याने घरी वळलेली होती. सारोळीच्या मातीचं एक ढेकूळ मी मुठीत धरलं. सवयीने दाबलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, अप्पांसारखी उभी राहिले, हात कमरेपाशी आणला आणि ते सोडलं.

फरशीवर ठक्कन पडलं. फुटलं नाही.

मी ते उचललं, कागदावर ठेवलं आणि हातोडी घेतली.